पेसर, चार नग

शकुबाईंची शाळा दुसरीत सुटली ती जोडाक्षरापाशी. त्याच्या अलीकडचं सगळं त्यांना लिहिता-वाचता यायचं. आकडे तर पाण्यासारखे. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढायच्या आधी त्या टनात सांगून मोकळ्या व्हायच्या आणि काटा त्यांच्या मागून यायचा. पण दोन अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "एवढी मोठी पाटी मोकळी पडलीया, निवांत बसाया काय धाड भरलीया?" असं त्यांनी मास्तरांना विचारलं होतं आणि मास्तरांनी त्याचं उत्तर छडीनं दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी दप्तर उचललं ते उचललंच. त्यामुळं पुढं जे रामायण झालं त्याचा दोष मास्तरांकडं जातो, शकुबाईंकडं नाही. हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं असल्यामुळं कळस गावात त्यावर कुणी चर्चा करत नाही.

गोठ्याला लागून पत्र्याचं शेड होतं आणि त्यात शकुबाईंच्या लेकाची, युवराजची, जुनी पांढरी गाडी उभी होती. युवराजनं पुण्यात नवी घेतली, जुनी आईकडं आणून लावली. लावायच्या आधी हौसेनं तिला रुंद चाकं मात्र बसवून ठेवली होती. गड्यानं बारीक डोक्यावर मोठा पटका बांधावा तशी ती दिसायची. सरळ रस्त्यानं गुमान चालायची. वळण आलं की पुढची चाकं आत कुठंतरी घासायची आणि घर्रर्र असा आवाज यायचा, की म्हैस गव्हाणीतून मान वर काढायची.

दिवाळीत नात आली होती. तिनं गाडी बाहेर काढली, पाराला वळसा घातला, घरघर ऐकून खळखळून हसली आणि म्हणाली, "आजी, हिला स्पेसर लागतील. चाकाच्या मागं चकती बसवतात, चाक जरा बाहेर येतं, घासायचं थांबतं. तेवढं करून ठेव. मग मी येते आणि आपण दोघी डाळजला जाऊ. पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला."

पोरं असं बोलून जातात. बोलतात आणि हात धुवायला उठतात. पण शकुबाईंनी ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं, कारण दुसऱ्याच दिवशी ती सगळी मंडळी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी पुण्याला निघून गेली होती. झालं काहीच नव्हतं. सुनेनं, राजलक्ष्मीनं, करंज्या केल्या होत्या. शकुबाईंनी एक उचलून उजेडाला धरली आणि चार बायकांत विचारलं, "सूनबाई, ही करंजी हाय का नांगराचा फाळ?" एवढंच. चौकशीच केली. आता चौकशी केल्यावर माणसं बॅगा भरायला लागली तर त्याला म्हातारीनं काय करावं?

नातीचं नाव संस्कृती. सून स्वतः जोडाक्षराची, आणि लेकीलाही तिनं जोडाक्षरातच बुडवलं. कमल, विमल, सुमन अशी मोकळी नावं जगातून संपली होती का? सासूला नातीचं नाव लिहिता येऊ नये म्हणूनच ते ठेवलंय, याबद्दल शकुबाईंना शंका नव्हती. त्या तिला सोनी म्हणायच्या. दर रविवारी अकराला सोनीचा फोन यायचा आणि चुलीवरचं दूध वर यायच्या आत संपायचा. बाकी आठवडाभर घरात टीव्ही बोलायचा. शकुबाई बघायच्या नाहीत, पण त्याला उत्तरं द्यायच्या.

तर गाडी नीट केली की पोरगी येणार. शकुबाई कामाला लागल्या.

शेजारचे सोपानतात्या बारामतीला निघाले होते. त्यांच्याकडं चिठ्ठी देऊन गाडीच्या सामानाच्या दुकानातून वस्तू मागवायची ठरलं. शकुबाईंनी पेन्सिल ओली केली, 'स्पेसर' हा शब्द मनात घोळवला, आणि पहिल्याच घासाला खडा लागला. स आणि प एकमेकांच्या मांडीवर बसलेले. त्यांनी थोडा विचार केला आणि 'स'ला उठवला. नाही तरी त्या अर्ध्या अक्षराचं तिथं काय काम होतं? चिठ्ठी झाली : 'पेसर, चार नग.'

तात्या संध्याकाळी परतले आणि पिशवीतून मोठ्या अभिमानानं चार काळी रबरी कडी काढली.

"वैनी, गाडीच्या दुकानात ह्ये मिळत न्हाय म्हनलं. लई हिंडलो. शेवटी भांड्याच्या दुकानात गावलं. त्यो इचारत हुता, तीन लिटरचा का पाच लिटरचा?"

"आन् तुमी काय सांगितलं?"

"म्हनलं, गाडी मोठी हाय. पाचचं दे."

प्रेशर कुकरची रबरं! शकुबाईंनी ती हातात घेऊन बघितली. ताणली. सोडली. "तात्या, चाकाला शिट्टी बी बसवायची का मग?" असं त्यांनी विचारलं, पण चूक कुणाची हे तात्यांनी चिठ्ठी दाखवून सिद्ध करायच्या आत त्यांनी ती चिठ्ठी चुलीत घातली होती. घरात कुकर एक, खाणारं माणूस एक. चार रबरं शकुबाईंना जन्माला पुरून उरणार होती.

गावात बातमी फुटायला बारामतीची एसटी लागत नाही. सकाळपर्यंत पारावर सल्ल्यांचं दुकान मांडलं गेलं. एकजण म्हणाला, चाकाला लिंबू बांधा. एकजण म्हणाला, हवा कमी करा, चाक बारीक होतं. ज्यांनी जन्मात सायकलला पंप मारला नाही ते गाडीच्या पोटातलं सांगत होते. शकुबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. सल्ले भिकार होते, पण दिवाळीनंतर पहिल्यांदा त्या घरात एका वेळी सहा कप लागले होते, हेही खरं.

आणि मग स्वतः शकुबाईंनाच सुचलं. चाक बाहेर काढायचं तर त्यात पुण्याची अक्कल कशाला? बैलगाडीचं चाक साट्याला, म्हणजे वरच्या सांगाड्याला, घासायला लागलं की त्यांचे मालक, कैलासवासी हिंदुराव, आसावर एक लोखंडी वायसर, म्हणजे वॉशर, सरकवायचे आणि बाहेरून कुणी ठोकायचे. कुणी म्हणजे चाक निसटू नये म्हणून मारलेला खिळा. झालं काम. त्या वायसरांचा डबा माळ्यावर अजून होता. हिंदुरावांचा हात लागलेली वस्तू कामाला येणार म्हणून शकुबाईंना इतका उमाळा आला की डबा उतरवताना त्या त्याच्याशी चक्क चांगलं बोलल्या. हयात असताना मालकांना हे भाग्य क्वचित लाभलं होतं.

गावातला ट्रॅक्टर-मेकॅनिक भीमा आला. त्यानं पुढची चाकं काढली, डब्यातून मापाची बारकी वायसरं निवडली, एकेका बोल्टावर तीन-तीन ओवली, चाक चढवलं, नट फिरवले. "काकी, बोल्ट जरा आखूड पडत्यात, पर धरतील."

"धरतील म्हंजे?"

"म्हंजे, धरायला पायजेत."

सोपानतात्या गाडीत बसले. तात्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे. ते कारमध्येही उंचावर बसल्यासारखी मान ताठ करून बसतात. गाडी दहा पावलं गेली. मग डावं चाक जत्रेतून परतणाऱ्या झिंगलेल्या माणसासारखं झुलायला लागलं. तात्या ट्रॅक्टरच्या सवयीनं भलतंच काहीतरी दाबून बसले आणि गाडी शेडात जायच्या ऐवजी गोठ्यात शिरून गव्हाणीत तोंड घालून थांबली. म्हशीनं गाडीकडं बघितलं, गाडीनं म्हशीकडं. पुढचे तीन दिवस म्हशीनं दूध चोरलं. आणि पारावर नवी बातमी झाली : शकुबाईची गाडी वैरण खायला लागली.

हा घाव वर्मी बसला. शकुबाईंनी वायसरं काढायला लावली, चाकं होती तशी बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी जरीकाठी इरकल नेसून, तात्यांना पुढं बसवून, स्वतः मागं बसून गाडी बारामतीला काढली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून, प्रत्येक वळणाला घर्रर्र करत. प्रत्येक घरघरीला रस्त्यावरचे लोक वळून बघायचे आणि शकुबाई नाक वर करून अशा बसायच्या की आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

रविंद्रचं गॅरेज बारामतीच्या कडेला होतं. माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीनं बांधलेला, बोलायला कमी. त्यानं स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, बॅटरी घेऊन चाकामागं वाकला आणि आतल्या दांड्यावरची घासल्याची चकचकीत खूण शकुबाईंना दाखवली.

"मावशी, चाक फार आत बसलंय. तीन मिलिमीटर घासतंय. पाचची चकती बसवू. पुढच्या दोनच चाकांना."

"पाच म्हंजे किती?"

त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "एवढंच."

"एवढ्याशासाठी गाडी गव्हाणीत गेली व्हय रं! चांगली दोन बोटं जाड दे की. यकदाच काय ते हुंद्या."

"नाही चालायचं. चाक मडगार्डच्या बाहेर येईल. आणि फार अंतर दिलं की सगळा भार बेअरिंगवर येतो, ते जातं. घासू नये एवढंच अंतर द्यायचं. जास्त नाही, कमी नाही."

शकुबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. "तू मला गाडीचं सांगतूयास का घरचं?"

"गाडीचं," रविंद्र म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

मग त्यानं हिंदुरावांच्या वायसरांची गोष्ट ऐकली आणि हसला नाही. हे शकुबाईंनी ध्यानात ठेवलं. तो म्हणाला, "बैलगाडीचं चाक सैल लागतं मावशी. ते आसावर फिरतं. गाडीचं चाक हबला, म्हणजे मागच्या गोल तबकडीला, घट्ट चिकटून बसतं, चकतीसकट. सुटी वायसरं घातली की चाक चार टोकांवर उभं राहतं. जीव वाचला तुमचा." चकती कशी हवी तेही त्यानं सांगितलं : एकसंध, भोकं ह्याच गाडीच्या मापाची, मधलं भोक हबवर बरोबर बसणारं. आणि एकावर एक दोन चकत्या कधी चढवायच्या नाहीत. त्याच्याकडची एक चकती लावून त्यानं हातानं नट फिरवला आणि मोजला. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच फेरे बसले. आठ तरी पाहिजेत. लांब बोल्ट मागवावे लागतील. आठ दिवस."

"तवर?"

"तवर आहे तशीच चालवा. घासू द्या. घासणारं चाक दिसतं तरी. निसटणारं दिसत नाही."

बारामतीला आलोच आहोत तर सरकारला विचारून घ्यावं, म्हणून शकुबाई आरटीओत गेल्या. खिडकीत एक तरुण साहेब होता. नम्र होता, त्यामुळं भांडणाची पंचाईत झाली.

"आजी, गाडी कुणाच्या नावावर?"

"लेकाच्या."

"चाकांची रुंदी वगैरे बदलली असेल तर मूळ मालकाची सही लागेल. त्यांना घेऊन या."

"आरं बाबा, त्यास्नी आणायसाठीच तर गाडी दुरुस्त करतीया! त्ये आलं असतं तर गाडी कशाला लागली असती?"

मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. साहेब हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कधी येतात ते?" ह्या प्रश्नाला कुठल्या कागदावर रकाना नसावा. शकुबाईंनी पदर सारखा केला, "येत्यात की. सारखं येत्यात," असं ठणकावलं आणि तिथून निघाल्या. बाहेरच्या बाकावर त्या पाच मिनिटं बसल्या. पाय दुखत होते म्हणून. युवराजची सही शेवटी कुरिअरनं आली. सही आली, मालक नाही आले.

आठ दिवसांनी रविंद्रनं काम केलं. शकुबाई स्टुलावर बसून पहारा देत होत्या. त्यानं हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला, हात फिरवून बघितला, लांब बोल्ट बसवले, चकती टेकवली, चाक चढवलं. नट फिरवताना शकुबाईंनी स्वतः मोजले, मोठ्यानं. आठ पुरे झाल्यावर त्यांनी "बास" म्हटलं. नट त्यानं समोरासमोरचे, फुलीसारखे आवळले आणि शेवटी एक लांब पान्हा काढला. माप पुरं झालं की तो टक् करायचा.

"ही टक् म्हंजे काय?"

"म्हणजे बास. ह्याच्या पुढं जोर लावला की बोल्टच तुटतो."

शकुबाई प्रत्येक टक् गप्प बसून ऐकत होत्या. एवढा वेळ त्या गप्प बसल्याचं तात्यांना आठवत नव्हतं.

"आता मावशी, पन्नास ते शंभर किलोमीटर चालली की परत यायचं. नट पुन्हा तपासायचे. विसरायचं नाही. यायलाच लागतंय."

यायलाच लागतंय! कुणी तरी त्यांना असं कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर एकाही वळणाला गाडी घासली नाही, आणि शकुबाईंना ती शांतता थोडी परकीच वाटली. घरी पोचल्यावर त्यांनी मीटर बघितला. पंचवीस झाले होते.

"वैनी, उद्या आजूबाजूच्या वाड्यांवर चक्कर मारू, पन्नासातलं उरल्यालं पंचवीस उडवून टाकू," तात्या म्हणाले.

"हात लावायचा न्हाय. ऱ्हायल्यालं किलोमीटर सोनीचं हायती."

रविवारी अकराला फोन आला. गाडी झाली. पोरगी आनंदली, आणि म्हणाली, ह्या शनिवारी ऑफिसचं काम आहे, पुढच्या. पुढच्या रविवारी म्हणाली, मैत्रिणीचं लग्न आहे. शकुबाईंनी गाडीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं. रोज सकाळी ते झटकायच्या आणि परत टाकायच्या. भाकरी दोनच थापायच्या, पण शनिवारी पाच थापल्या जायच्या आणि रविवारी म्हशीला मिळायच्या. म्हैस खूश होती. दूधही चोरायचं तिनं सोडलं होतं.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला तेव्हा शकुबाईंनी टोमणा तयारच ठेवला होता. चांगला घासून, धार लावून. 'तुमच्या पुण्याला रस्ता जायला हाय, यायला न्हाय का?' असा होता तो. शिवाय राजलक्ष्मीसाठी एक वेगळा. तिकडून सोनी म्हणाली, "आजी, अगं ह्या वेळी पण..." आणि थांबली. टोमण्याची वाट बघत थांबली. शकुबाईंना फोनमधून ते थांबणं ऐकू आलं. अंग आखडून घेतल्यासारखं. पोरगी दर रविवारी असंच अंग आखडून फोन करत होती की काय?

टोमणा ओठापर्यंत आला होता. शकुबाईंनी त्याच्या आणि पोरीच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी जागा सोडली.

"जमंल तवा ये," त्या म्हणाल्या. "गाडी हाय. मी बी हाय."

 सोनी घाबरून म्हणाली, "आजी, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीया! दूध उतू चाललंय, बोल लवकर."

"मी येते शनिवारी. काहीतरी करते मी." आणि जरा थांबून, "मम्मीला पण विचारू?"

दूध खरंच उतू गेलं. "इचार," शकुबाई म्हणाल्या. "म्हनावं, कणीक मी मळून ठिवते."

दोघी नव्या गाडीतून आल्या. युवराजला मीटिंग होती. सोनीनं जुनी गाडी चालवली, राजलक्ष्मी पुढं, शकुबाई मागं. डाळजला पाण्याच्या कडेला हे एवढे पक्षी उभे होते, गुलाबी, काटकुळ्या पायांचे, हजारभर तरी आणि सगळे एकमेकांपासून थोडं थोडं अंतर ठेवून. राजलक्ष्मीनं डबा उघडला. करंज्या होत्या. सासूपुढं धरताना तिचा हात किंचित मागं राहिला. शकुबाईंनी एक घेतली आणि तोडली. अजूनही फाळच होता. त्यांनी तो दोन्हीकडून नीट चावून खाल्ला.

"कशी झालीये, आई?"

"पोटभरीची झालीया," शकुबाई म्हणाल्या. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

तिथून गाडी तशीच बारामतीला नेली. मीटरवर शंभरला थोडे कमी होते. रविंद्रनं टक् करणारा पान्हा एकेका नटाला लावला. आठही नट जिथल्या तिथं. एकही तसूभर हलला नव्हता.

"झालं मावशी. एकदम पक्कं. आता यायची गरज नाही."

शकुबाईंचा चेहरा पडला. "मेल्या," त्या म्हणाल्या, "इतकं घट्ट कशाला आवळलंस?"

रविंद्रला काही कळेना. सोनीला मात्र कळलं असावं, कारण तिनं घाईनं विचारलं, "पण काका, पुढं कधी तरी परत बघायला लागेल ना?"

"हो, पाच हजार किलोमीटरनं बघायचंच."

"आजी, डाळजला जाऊन येऊन पन्नास. पाच हजार म्हणजे किती फेऱ्या?"

"शंभर," शकुबाई वजनकाट्याच्या आधी म्हणाल्या.

"मग मारू की शंभर!"

पोरं असं बोलून जातात. ही ज्या चालीनं यायची त्या चालीनं शंभर फेऱ्यांना शंभर वर्षं लागणार होती, हे शकुबाईंच्या जिभेच्या टोकाशी आलं. त्यांनी पुन्हा ती नखाएवढी चकती मध्ये घातली आणि म्हणाल्या, "म्हैन्याला यक धरली तर आठ वर्सं आन् चार म्हैनं. म्हंजी आता मराया बी सवड ऱ्हायली न्हाय."

कळसला परतल्यावर दोघी दिवस मावळायच्या आत नव्या गाडीनं पुण्याला निघाल्या. शकुबाई फाटकापर्यंत गेल्या, धूळ खाली बसेपर्यंत थांबल्या, मग शेडात येऊन गाडीवर लुगडं टाकलं. चुलीतला कोळसा आणला आणि शेडाच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढली.

उरल्या नव्व्याण्णव. त्या तिथं पावतीवर लिहितात तशा अक्षरी लिहून ठेवाव्या, असं त्यांच्या मनात आलं. पण तो शब्द लिहायचा म्हणजे पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं मोकळं, मधली दोन्ही जोडाक्षरं. म्हणून त्यांनी रेघेच्या पुढं नुसती जागा सोडली. भिंत तशी लांब होती.